नऊ मशिनांचं लायसन्स: विंडोज, लिनक्स की मॅक? खरा खर्च नेमका कुठे आहे?

टॉवेलवाला (शुक्रवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरीचं युनिट आहे. वडिलांनी साध्या यंत्रमागांवर सुरू केलं, आता निम्मे माग इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचे (नक्षी विणणारे) आहेत. ऑफिस, स्टोअर, डिस्पॅच सगळं धरून नऊ कॉम्प्युटर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून सगळं बदला असा धोशा चालू आहे आणि माझ्या टेबलावर दोन कोटेशनं पडून आहेत.

पहिल्यात नऊच्या नऊ मशिनं नवी. प्रत्येकावर विंडोज ११ प्रो, प्रत्येकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिस, शिवाय एक विंडोज सर्व्हर आणि नऊ जणांसाठी ‘कॅल’ नावाची लायसन्सं. मशिनांचे पैसे बाजूला ठेवले तरी नुसत्या सॉफ्टवेअरचा आकडा कामगारांच्या दिवाळी बोनसच्या घरात जातो. दुसरा माणूस म्हणतो, आहे त्याच मशिनांवर सातशे रुपयांत ‘लाइफटाइम की’ टाकून देतो, बिल ‘सर्व्हिस चार्ज’चं मिळेल. घरात मुलगा म्हणतो लिनक्स टाका, फुकट आहे. पुतणी म्हणते मॅक घ्या, विंडोजचं नावच नको.

वापर असा: अकाउंट्सला दोघं जण टॅलीवर, तिसरा मी स्वतः टॅली बघणारा. एक मशिन डिझाइनचं. बाकी पाच म्हणजे डिस्पॅचला दोन (ई-वे बिल आणि लेबल), स्टोअरला एक, गेटवर एक, पत्रव्यवहाराला एक.

पाच वर्षांचा हिशेब कसा मांडायचा ते सांगा. एकदाच पैसे कुठे द्यायचे, दरवर्षी कुठे, आणि खरोखर काही द्यावं लागत नाही असं कुठे, एवढं कळलं तरी मला निर्णय घेता येईल.

नवीपेठ (शुक्रवार, रात्री १०:०५)

मालक, सातशेची की टाका आणि धंद्याकडं बघा. आमच्या दुकानात चालतंय की. आख्खा बाजार तेच वापरतो. सूतदर बघता छोट्या माणसानं एवढे पैसे आणायचे कुठून? मोठ्या कंपन्यांचे दर आपल्यासाठी ठरवलेलेच नसतात.

कंबरतलाव (शुक्रवार, रात्री ११:२०)

नवीपेठ, दर आपल्याला झेपत नाहीत हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यावर सातशेची की हा उपाय नाही. का ते सांगतो. ऑफिसांचं नेटवर्क आणि मशिनं सांभाळणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टॉवेलवाला, दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवा. आधी तुमच्याकडे काय आहे ते मोजू. मी पाहिलेल्या बहुतेक ऑफिसांत विकत घेतलेलंच लायसन्स दुसऱ्यांदा विकत घेतलं जातं, कारण पहिलं कुठे आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

विंडोजचं लायसन्स साधारण तीन वाटांनी येतं. मशिनबरोबर कंपनीतून आलेलं असेल तर ते ओईएम. ते मदरबोर्डला बांधलेलं असतं, त्या मशिनबरोबर जगतं आणि त्याच्याबरोबरच संपतं, दुसऱ्या मशिनवर हलवता येत नाही. डबा किंवा की वेगळी विकत घेतली तर ते रिटेल. जुनं मशिन मोडीत काढलं तरी ते नव्यावर नेता येतं, म्हणून महागही असतं. अमेरिकेत विंडोज ११ होमची किंमत १३९ डॉलर आणि प्रोची १९९ डॉलर आहे, त्यावरून अंदाज घ्या. तिसरं व्हॉल्यूम. ते संस्थेच्या नावानं करार करून मिळतं, त्याच्या किया सुट्या विकायला परवानगीच नसते.

सातशेला मिळते ती बहुतेक वेळा अशा एखाद्या करारातून बाहेर पडलेली की असते. ती टाकली की पडद्यावर ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण अ‍ॅक्टिव्हेशन झालं म्हणजे तांत्रिक तपासणी पार पडली, एवढंच. वापरायचा हक्क तुमच्या फर्मकडे आला असं त्यातून सिद्ध होत नाही. केएमएस नावाच्या पद्धतीत तर मशिनला १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडून पुन्हा मान्यता घ्यावी लागते. ‘लाइफटाइम’ म्हणून विकणारे काही जण तिथे खोटा सर्व्हर उभा करणारा प्रोग्रॅम बसवतात, आणि तो चालावा म्हणून अँटिव्हायरसला त्याच्याकडे डोळेझाक करायला लावतात. हे सगळं ज्या मशिनवर तुमचं नेटबँकिंग आणि जीएसटीचं लॉगिन आहे, त्याच मशिनवर. मला सर्वांत जास्त भीती याची वाटते. कायद्याचा भाग नंतर.

उद्या एक काम करा. प्रत्येक मशिनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर ही अक्षरं इंग्रजीत टाइप करून, एक जागा सोडून, स्लॅश आणि डीएलआय टाका. एक चौकट उघडेल. त्यात ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम ते लिहिलेलं असतं. सोबत प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे आणि मशिन कधी घेतलं तेही लिहा. बिलं सापडली तर फारच छान.

भुईकोट (शनिवार, सकाळी ८:१५)

कंबरतलाव यांनी मुद्दा अचूक पकडला आहे. मी हिशेब तपासणीच्या बाजूचा माणूस, त्यामुळे कागदाबद्दल बोलतो.

कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये ६३बी हे कलम खास कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठी आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५०,००० पर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. ही सवलत युनिटच्या ऑफिसला लागू होणार नाही, कारण तिथे वापर धंद्यासाठीच आहे. ‘सर्व्हिस चार्ज’ असं लिहिलेलं बिल लायसन्सचा पुरावा म्हणून उभं राहत नाही. उलट विकणाऱ्याला काय विकतोय हे लिहायचं नव्हतं, एवढंच त्यातून दिसतं.

आता खऱ्या बिलाचा फायदा बघा. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही नोंदणीकृत आहात आणि वापर धंद्यासाठी आहे, म्हणजे त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. कायमचं लायसन्स घेतलं तर आयकरात कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरच्या गटात ४० टक्के घसारा मिळतो (वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर निम्मा). दरवर्षी भरायचं सबस्क्रिप्शन असेल तर ते त्या त्या वर्षीच्या खर्चात जातं. त्यामुळे कोटेशनवरचा शेवटचा आकडा आणि तुमच्या खिशातून खरोखर जाणारा आकडा यांत बराच फरक पडतो. सातशेच्या कीला यातलं काहीच नाही.

टॉवेलवाला (शनिवार, दुपारी ४:३०)

सकाळपासून हेच केलं. यादी देतो.

अकाउंट्सची दोन्ही मशिनं २०२१ ची, दहाव्या पिढीची, ब्रँडेड, विंडोज १० प्रो ओईएम. बिलं सापडली. माझा लॅपटॉप बाराव्या पिढीचा, विंडोज ११ होम बरोबरच आलेलं, त्यात ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१ पण आहे. डिझाइनचं मशिन असेंबल केलेलं, सातव्या पिढीचं आय-७, त्यावर व्हॉल्यूम दिसतंय आणि बिलात विंडोजचा उल्लेखच नाही. बाकीची पाच जुनी, चौथ्या ते सहाव्या पिढीची, वापरलेली म्हणून घेतलेली. त्यातल्या दोनांवर ओईएम, तिघांवर व्हॉल्यूम.

टॅली प्राइम गोल्ड आहे, टीएसएस (टॅलीचं अपडेट आणि ऑनलाइन सेवांचं सबस्क्रिप्शन) चालू आहे.

कंबरतलाव (शनिवार, रात्री ९:५०)

झकास. आता खरं चित्र दिसतंय.

अकाउंट्सच्या दोन मशिनांना नवं लायसन्स घ्यायची गरजच नाही. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) लागतं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. दहाव्या पिढीच्या ब्रँडेड मशिनमध्ये हे सगळं असतं, फार तर बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम चालू करावं लागेल. खऱ्या विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे पडत नाहीत. म्हणजे या दोन मशिनांसाठी कोटेशनमध्ये लावलेलं प्रो चक्क दुबार आहे. तुमच्या लॅपटॉपचंही तसंच.

विंडोज सर्व्हर का सुचवला असेल? टॅलीचा डेटा आणि फाइली एका जागी ठेवायला. पण विंडोज ११ च्या करारातच २० मशिनांपर्यंत फाइल आणि प्रिंटर शेअर करायची मुभा आहे. तुमची नऊ आहेत. टॅली गोल्डला एकाच लॅनवर (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) कितीही जण चालतात, त्यासाठीही सर्व्हर लागत नाही. विंडोज सर्व्हर घेतला की मोजणी एकदम बदलते. तिथे लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर असतं, कमीत कमी १६ कोअरचं घ्यावं लागतं, आणि त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा मशिनमागे कॅल वेगळं. पन्नास माणसांचं ऑफिस असेल, सगळ्यांचे पासवर्ड आणि अधिकार एका जागेवरून चालवायचे असतील, तर तो खर्च योग्य आहे. नऊ मशिनांच्या टॉवेलच्या युनिटला मी तो करू देणार नाही.

फाइली वेगळ्या मशिनवर ठेवायच्याच असतील तर जुन्यापैकी एकावर दोन नव्या डिस्का लावा आणि लिनक्सवर सांबा हा फाइली शेअर करायचा प्रोग्रॅम बसवा. विंडोजच्या मशिनांना तो साधा शेअर केलेला फोल्डर म्हणून दिसतो आणि कॅलचा प्रश्न येत नाही, कारण त्यात विंडोज सर्व्हर कुठेच नाही.

जुनी पाच मशिनं विंडोज ११ घेणार नाहीत. त्यांना विंडोज १० वर ठेवून पैसे भरून सुरक्षा अपडेट घेता येतात, पण व्यवसायासाठी त्याचा दर पहिल्या वर्षी एका मशिनला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४ आहे. मधूनच शिरलात तर मागच्या वर्षाचेही भरावे लागतात. तीन वर्षांचे ४२७ डॉलर इतक्या जुन्या मशिनवर घालणं मला पटत नाही. घरगुती वापराची ३० डॉलरची योजना घरासाठी आहे, तिच्यावर युनिटचा हिशेब बसवू नका.

या पाचांवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा मोफत प्रकार घाला. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ई-वे बिल ब्राउझरमध्ये निघतं, मेल ब्राउझरमध्ये, स्टोअरचा स्टॉक लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचात. लेबल प्रिंटर मात्र आधी एका मशिनला लावून बघा. त्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळतो की नाही हे मॉडेलवर ठरतं.

डिझाइनच्या मशिनबद्दल जाणकारांनी बोलावं.

पूर्वभाग (रविवार, सकाळी ७:३०)

अण्णा, डिझाइनचं मी सांगतो. आमचं घर तीन पिढ्या विणकरीत. आजोबा ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचे, मग त्यावरून पंच कार्ड मारायचं. आता तेच डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि पेन ड्राइव्हवरून मागाच्या कंट्रोलरला जातं.

या सॉफ्टवेअरचं लायसन्स बहुतेक ठिकाणी डोंगलवर, म्हणजे मशिनला लावायच्या छोट्या किल्लीवर असतं. डोंगल हरवला तर लायसन्स हरवलं म्हणून समजा, म्हणून तो विम्यात धरा आणि रात्री कपाटात ठेवा. विंडोज बदलायच्या आधी त्या कंपनीला लेखी विचारा की तुमची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का आणि डोंगलचा ड्रायव्हर आहे का. बऱ्याचदा नवी आवृत्ती घ्या म्हणतात आणि तिची किंमत विंडोजच्या कित्येक पट असते. खरा खड्डा तिथे पडतो, विंडोजमध्ये नाही.

विणकामाचं सगळं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं हा आपल्याकडचा समज पण खरा नाही. स्लोव्हेनियातल्या अराहने कंपनीचं अराहवीव्ह लिनक्सवर चालतं आणि जॅकार्डचं कामही करतं. ते फुकट नाही, लायसन्स घ्यावंच लागतं. लिनक्स म्हणजे फुकट आणि विंडोज म्हणजे पैसे अशी सरळ वाटणी होत नाही, एवढ्यासाठी सांगतो.

आणखी एक. तुमच्या डिस्पॅचला वजनकाटा कॉम्प्युटरला जोडलाय का? जोडला असेल तर काट्याबरोबर आलेला प्रोग्रॅम विंडोजचाच असणार. तो बघितल्याशिवाय त्या मशिनवर लिनक्स घालू नका. गाड्या उभ्या राहतील.

टॉवेलवाला (रविवार, सकाळी ९:००)

पूर्वभाग, काटा जोडलेला आहे आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फार मोलाचं सांगितलंत. डिस्पॅचचं एक मशिन विंडोजवरच राहील मग.

बाळीवेसकर (रविवार, दुपारी १२:१०)

थोडं विषयांतर, पण माझंही दुखणं यातलंच आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, गड्डा यात्रेच्या वेळी मंडळांची पत्रकं असं छपाईचं काम करतो. पेजमेकर ७ या पानांची मांडणी करायच्या जुन्या प्रोग्रॅमवर सगळी जुनी कामं आहेत आणि मराठी फाँट युनिकोडच्या आधीचे, डोंगलवाले. नव्या मशिनवर कसं न्यायचं? अ‍ॅडोबीचं भाडं दरमहा भरायचं म्हटलं तर पत्रिकेचा हंगाम चार महिने आणि भाडं बारा महिने.

हुतात्मा एक्सप्रेस (रविवार, दुपारी २:४५)

बाळीवेसकर, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, घर सोलापूरलाच. तुमची चीड रास्त आहे. अ‍ॅडोबीचा एकदाच पैसे देऊन कायमचा मिळणारा शेवटचा मोठा संच २०१२ चा सीएस६. २०१३ पासून त्यांनी सगळं भाड्यावर नेलं. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं २०१६ मध्ये तेच केलं. हंगामी धंद्याला हा प्रकार जाचक आहे, कारण भाडं थांबलं की स्वतःच्याच फाइली उघडायची पंचाईत होते.

तुम्ही असं करा. पेजमेकरचं जुनं मशिन आहे तसं ठेवा, फक्त त्याचं इंटरनेट कायमचं काढून टाका. जुनी पत्रिका पुन्हा छापायची असली की त्यावर. नवं प्रत्येक काम मात्र आजपासून युनिकोडमध्ये. मुक्त, नोटो असे चांगले देवनागरी फाँट मोफत परवान्याचे आहेत आणि छपाईच्या कामालाही चालतात. पानांची मांडणी स्क्रायबसमध्ये होते. त्याची १.६ ही आवृत्ती जोडाक्षरं नीट मांडते आणि सीएमवायके (छपाईच्या चार रंगांचं) पीडीएफ देते. इंकस्केप चित्रासाठी उत्तम आहे, पण प्लेटसाठी रंग वेगळे करायचे असतील तर तिथे फार भरवसा ठेवू नका. हे तिन्ही विंडोजवर पण चालतं. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बदलायच्या आधी सॉफ्टवेअर बदलून बघता येतं, आणि माझ्या मते हाच क्रम सगळ्यांनी ठेवावा. लिबरऑफिसवर महिनाभर हात बसला की खालून विंडोज काढून लिनक्स घातलं तरी माणसाला फारसा फरक जाणवत नाही.

टॉवेलवाला, मॅकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मॅकओएसला वेगळी किंमत नाही. २००७ चं लेपर्ड १२९ डॉलरला होतं, २००९ चं स्नो लेपर्ड २९ ला, आणि २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून पैसे घेणं बंद झालं. पण करारानं ते फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालवता येतं, म्हणजे लायसन्सची किंमत तुम्ही यंत्र घेताना भरलेली असते. पुतणी डिझाइन शिकत असेल तर तिला जरूर घेऊन द्या, यंत्रं दर्जेदार आहेत. ऑफिससाठी मात्र अडचण अशी की टॅली मॅकवर चालत नाही. मॅकमध्ये विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्सचं वार्षिक भाडं आणि आत विंडोज ११ प्रोचं लायसन्स, दोन्ही भरावं लागेल, म्हणजे एका माणसाच्या टेबलावर तीन खर्च. वापरलेला इंटेलचा मॅक स्वस्त मिळतो म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर लक्षात ठेवा, मॅकओएस २६ टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे.

विजापूररोड (रविवार, संध्याकाळी ६:२०)

मी कॉलेजची लॅब बघतो. आम्ही अर्ध्या लॅबवर उबुंटू हे लिनक्स ठेवलंय. लिबरऑफिस शिकवायला माणूस नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीत आहेत, मोफत. तुमच्या स्टोअरच्या माणसाला ते दाखवा. हळूहळू बोलतात, थांबवून करून बघता येतं. केरळनं सरकारी शाळा मोफत सॉफ्टवेअरवर नेल्या तेव्हा त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला होता, म्हणून ते टिकलं.

नवीपेठ (रविवार, रात्री ८:५५)

सगळं वाचलं. कायद्याचं आणि बँकेच्या लॉगिनचं पटलं, ते मी मनावर घेतोय. पण एक रोकडा प्रश्न. विंडोज अडकलं तर नव्या पेठेत दहा पोरं आहेत, हाक मारली की येतात. लिनक्स अडकलं तर कोण येणार? मार्चअखेरीला मशिन बंद पडलं आणि पुण्यातल्या माणसाला फोनवर विचारत बसलो, तर ते फुकट किती महागात पडेल?

कंबरतलाव (रविवार, रात्री १०:३०)

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही.

लिनक्सला लायसन्सचा खर्च नाही, देखभालीचा आहे. विंडोजलाही देखभालीचा आहेच, फक्त तो आपण ‘पोरगं येऊन गेलं’ म्हणून सुट्या पैशांत देतो आणि हिशेबात धरत नाही. म्हणून मी सांगतो, लायसन्सचे वाचलेले पैसे सगळे घरी नेऊ नका. त्यातले काही वार्षिक देखभाल करारात घाला आणि ज्याच्याशी करार कराल त्याला लिनक्स येतं की नाही हे आधी करून दाखवायला लावा. आपल्या सोलापुरात दरवर्षी इंजिनिअरिंगची मुलं लिनक्स शिकून बाहेर पडतात आणि काम नाही म्हणून पुण्याला जातात. चार युनिटांनी मिळून एका मुलाला नीट पगार दिला तर तो इथेच राहील. मला हे मनापासून वाटतं.

आणि असा माणूस मिळाला नाही तर? मग लिनक्सची मशिनं कमी करा. माणूस नसताना नऊ मशिनांवर लिनक्स घालायला मी कुणालाही सांगणार नाही.

हुतात्मा एक्सप्रेस (रविवार, रात्री ११:१५)

पूर्ण सहमत. भर एवढीच की फुकटालाही अटी असतात, त्या वाचाव्यात. सर्व्हरसाठीच्या सेंटओएस ८ या मोफत लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबणार. ज्यांच्याकडे जाणता माणूस होता ते अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सवर गेले, पैसे न देता. ज्यांच्याकडे नव्हता त्यांची धावपळ झाली. रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी जे विकते ते सबस्क्रिप्शन असतं, म्हणजे अपडेट आणि अडचणीला उत्तर देणारा माणूस. बँका त्यासाठी पैसे मोजतात ते उगाच नाही.

पुढे कधी मागांच्या शिफ्टचं उत्पादन नोंदवणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर विकणाऱ्याला एकच विचारा, डेटाबेस कुठला? एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे, पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की पुढची पायरी एकदम महाग. पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर अशी मर्यादा नाही आणि लायसन्सचे पैसेही नाहीत.

भुईकोट (सोमवार, सकाळी ८:०५)

टॉवेलवाला, तुमच्या लॅपटॉपवरच्या ऑफिस होम अँड स्टुडंटबद्दल राहून गेलं. ते घरगुती, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. युनिटची कोटेशनं त्यावर करणं कराराबाहेर जातं. व्यवसायासाठी होम अँड बिझनेस हे एकदाच पैसे देऊन मिळतं, किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं बिझनेस सबस्क्रिप्शन माणशी. जिथे मॅक्रोवाल्या (आत आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम असलेल्या) एक्सेल फाइली आहेत तिथेच घ्या. लिबरऑफिस साध्या फाइली उघडतं, पण मॅक्रो सगळे चालतील याची खात्री नसते.

शिवाय तुमची फर्म कंपनी किंवा एलएलपी असेल तर जीएसटीच्या रिटर्नला डिजिटल सिग्नेचर लागते. तिचा यूएसबी टोकन विंडोजच्या मशिनवरच ठेवा, उगाच प्रयोग नको.

टॉवेलवाला (सोमवार, रात्री ९:१५)

मंडळी, मुलाला आणि अकाउंटंटना बसवून सगळं पुन्हा मांडलं. ठरलं ते असं.

अकाउंट्सची दोन मशिनं आहे त्या लायसन्सवर विंडोज ११ ला नेतो. डिझाइनला एकच नवं मशिन, विंडोज ११ प्रो बरोबर घेऊन, बिलात ते स्पष्ट लिहून. डोंगलच्या कंपनीला आजच मेल केला, त्यांचं उत्तर आल्यावरच मशिनची ऑर्डर. वजनकाट्याला एक वापरलेलं आठव्या पिढीचं मशिन, पण मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत रिफर्बिशरकडून, लायसन्ससह. उरलेल्या चार जुन्या मशिनांना एसएसडी आणि मिंट. काट्यावरून मोकळं झालेलं पाचवं मशिन सांबासाठी. ऑफिस होम अँड बिझनेस दोन, एक माझ्याकडे आणि एक अकाउंट्सला, कारण कॉस्टिंगच्या शीटमध्ये मॅक्रो आहेत. सर्व्हर आणि कॅल पूर्ण रद्द.

आकडे मांडल्यावर कळलं की पाच वर्षांत आमचा सगळ्यात मोठा सॉफ्टवेअरचा खर्च विंडोज नाहीच. टॅलीचं टीएसएस आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर, हे दोन. याआधी कुणी तसं मांडून दाखवलं नव्हतं.

पूर्वभाग यांच्या ओळखीतला एक मुलगा मिंट बसवायला येतोय. त्याच्याशी वर्षाचा करार करतोय आणि शेजारच्या दोन युनिटवाल्यांनाही विचारलंय.

एक शेवटचा प्रश्न. मला रात्री घरून, जुळे सोलापूरवरून, टॅली बघायची असते. पहिला पुरवठादार म्हणाला होता की एक छोटी फाइल बदलली की विंडोज ११ प्रोवर एकाच वेळी तिघं-चौघं रिमोटनं बसू शकतात, सर्व्हर लागत नाही. हे करू का?

कंबरतलाव (सोमवार, रात्री १०:००)

नको. विंडोज ११ प्रो एका वेळी एकाच माणसाला बसू देतं आणि ती मर्यादा करारातलीच आहे. फाइल बदलून ती मोडणं म्हणजे बिल असलेलं मशिन पुन्हा बेकायदा करणं. वर प्रत्येक मोठ्या अपडेटला ती फाइल बिघडते, आणि रिमोटचं पोर्ट इंटरनेटला उघडं राहिलं तर रॅन्समवेअर तिथूनच घुसतं. एकाच वेळी अनेकांना रिमोटनं बसवायचं असेल तर विंडोज सर्व्हर, साधी कॅल आणि आरडीएसची (रिमोटनं बसण्याच्या सोयीची) वेगळी कॅल लागतात.

तुम्हाला त्याची गरज नाही. टीएसएस चालू आहे ना, मग टॅली डॉट नेट यूजर म्हणून तुमचं खातं तयार करा. घरून टॅलीतच लॉगिन होतं, नुसते रिपोर्ट बघायचे असतील तर ब्राउझरमध्येही दिसतात. त्यासाठी ऑफिसातलं टॅलीचं मशिन रात्री चालू ठेवावं लागेल आणि कंपनी कनेक्ट केलेली असावी लागेल. अकाउंटंटना सांगा, जाताना मशिन बंद करू नका, फक्त स्क्रीन लॉक करा. आणि त्या मशिनला यूपीएस चांगला लावा, एमआयडीसीत रात्री लाइट जाते.

टॉवेलवाला (सोमवार, रात्री १०:२०)

कळलं. उद्या सकाळी खातं तयार करून घेतो. डोंगलवाल्यांचं उत्तर आलं की इथेच टाकतो, पूर्व भागातल्या बाकी डिझाइनवाल्यांनाही ते लागेल.